ठसे जागेवर आढळले

जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. अशा माणसांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या डब्लिनमधल्या एका गॅरेजात मी सव्वा वर्ष नोकरी केली, म्हणून हे बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. संपादकांनी परदेशातल्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा म्हणून सांगितलंय. गमती होत्याच. पण मी त्याआधी अठरा वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती, आणि तपासणी खात्यातल्या बाईला गंमत सांगायला बसवलं की ती त्यातही खोट शोधते.

तपासणी म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण आमच्या घरच्यांनाही ते कधी नीट कळलं नाही. कारखान्यात दुसरे लोक वस्तू बनवतात. तपासनीस काहीच बनवत नाही. तो बनलेला नग हातात घेतो, मोजतो, आणि ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढंच म्हणतो. पगार खरं तर दुसऱ्या शब्दाचा असतो. ‘चालेल’ कोणीही म्हणतं.

२००८ साली माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने डब्लिनला पाठवलं. मी आणि आमची मुलगी मागोमाग गेलो. ओंगारला नव्या वसाहतीत घर मिळालं. शेजारी आपलीच माणसं होती. एक एम.एस्सी., एक सी.ए., एक दातांची डॉक्टर, सगळ्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि सगळ्या दुपारी एकमेकींकडे इडलीचं पीठ का फुगत नाही यावर चर्चा करत बसलेल्या. ते पीठ तिथल्या थंडीत फुगत नाही, यापलीकडे त्यात काही नव्हतं. तीन महिन्यांत मला उबग आला आणि मी अर्ज करायला लागले.

डेक्लनच्या गॅरेजची जाहिरात मला लायब्ररीतल्या फळ्यावर दिसली. क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कात, टाइल्सच्या गोदामामागे त्याची शेड होती. डेक्लन पन्नाशीचा, उंच, किंचित वाकलेला. बोलताना हातातल्या चिंधीने सतत बोटं पुसायचा. त्याने विचारलं, “तुम्ही गाड्या दुरुस्त केल्यात कधी?”

मी म्हटलं, “नाही. दुरुस्त करणाऱ्यांच्या चुका काढल्यात.”

तो हसला. त्याच्याकडे पाच कारागीर होते, सगळे हातात जादू असलेले, पण मायक्रोमीटर नीट वाचणारा एकही नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीचा भाग बाजारात मिळत नाही. तो मोजून, नकाशा काढून नवा घडवावा लागतो. मोजण्यात केसभर चूक झाली की महिन्याचं काम भंगारात जातं. त्याने माझं माप घेणं पाहिलं, म्हणाला, “ग्रँड,” म्हणजे तिथलं ‘झकास’, आणि माझ्या परमिटसाठी लागणारे सगळे कागद स्वतः भरले. त्याआधी वीस जणांनी माझ्या अर्जाला साधं उत्तरही दिलं नव्हतं. सुनंदा हे नाव मात्र त्याला पेललं नाही. पहिल्याच दिवशी त्याने त्याचं ‘सू’ केलं.

गिऱ्हाइकांबद्दल काय सांगावं? एकाची गाडी तीस वर्षं कोंबड्यांच्या खुराड्यात पडून होती. त्याची अट अशी की इंजिन नवंकोरं हवं, पण सीटवरचे कोंबड्यांचे डाग तसेच राहिले पाहिजेत, कारण ते ‘इतिहास’ आहेत. दुसऱ्या एकाने रंग दिलेल्या चकचकीत बॉनेटवर पुन्हा ओरखडे काढून मागितले. आमचा वेल्डर मारेक, पोलंडचा, शांत माणूस. त्याने तारेचा ब्रश घेऊन ते ओरखडे काढले आणि जेवायच्या सुट्टीत मला विचारलं, “तुमच्या देशात असे वेडे आहेत?” मी म्हटलं, आमच्याकडे आहेत, पण ते गाडीला ओरखडा पडला तर भांडतात.

ही माणसं जुन्या वस्तूवर प्रेम करत नाहीत. आपल्याकडे ती आहे आणि शेजाऱ्याकडे नाही, यावर करतात. ‘ओरिजिनल’ हा शब्द ती देवाच्या नावासारखा उच्चारायची आणि आमच्याकडून नवे भाग बसवून न्यायची.

फिनबार हा त्यांच्यातला सर्वात मोठा. घरं बांधणारा बिल्डर. तेजीच्या काळात त्याने अर्ध्या पश्चिम डब्लिनभर घरं उठवली होती. मी तिथे पोचले तेव्हा तेजी संपत आली होती आणि त्याच्या एका वसाहतीत खिडक्यांच्या जागी प्लास्टिक फडफडत होतं. तेजीतच कधीतरी त्याने अमेरिकेतून लिलावात एक गाडी आणली होती. गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. पण गाडी साधी नव्हती. १९०९ साली अमेरिकेत न्यूयॉर्कहून सिअ‍ॅटलपर्यंत, म्हणजे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, मोटारींची शर्यत झाली होती. रस्ते असे नव्हतेच. चिखल, वाळू, ओढे, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे रेल्वेचे रूळ. त्या शर्यतीत ही गाडी धावली होती, असं फिनबार म्हणायचा. अर्ध्या वाटेत बंद पडली आणि बाद झाली. हरलेल्या गाडीबद्दल एवढ्या कौतुकाने सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. स्वतः त्याने ती गाडी लग्नाच्या वरातीत चर्चपासून हॉटेलपर्यंत चालवली होती, तेवढंच.

२००९च्या वसंतात त्याने ती विकायला काढली. शर्यतीला शंभर वर्षं होत होती आणि अमेरिकेतल्या एका खासगी संग्रहालयाला ती हवी होती. त्यांची एकच अट होती: गाडी खरोखर शर्यतीतली आहे, असा तपासणीचा अहवाल. त्यासाठी गाडी आमच्या शेडमध्ये आली.

हे तपासायचं कसं, तर त्या शर्यतीचा एक नियम होता. निघण्याआधी गाडीच्या मुख्य भागांवर, म्हणजे इंजिन, चासीचा सांगाडा, चाकांचा आस वगैरेंवर, ठसे मारायचे. ते भाग वाटेत बदलायचे नाहीत. बदलले तर शेवटी ठसा सापडणार नाही. त्या वर्षी जी गाडी पहिली आली तिचा विजयही पुढे काही महिन्यांनी काढून घेतला गेला, वाटेत इंजिन बदललं म्हणून. मला हे वाचून बरं वाटलं. कोणीतरी तपासलं होतं.

मी तीन दिवस गाडीखाली होते. चासीवरचा ठसा चांगला होता. कडा झिजलेल्या, खाचेत जुनी काजळी बसलेली. आसावरचाही तसाच. इंजिनाचा ठसा क्रँककेसवर होता. क्रँककेस म्हणजे इंजिनाचं खालचं पोट, ज्यात तेल असतं. ते अ‍ॅल्युमिनियमचं होतं. ठशाभोवतीचा पृष्ठभाग मला जरा जास्तच सपाट वाटला. बोट फिरवलं की कळतं ते. मी तिथला रंग काढला, कॉस्टिक सोड्याचं पाणी बोळ्याने लावलं आणि थांबले. अ‍ॅल्युमिनियमवर ते लावलं की धातू काळपटतो आणि जिथे वेल्डिंग झालेलं असतं तिथे वेगळा रंग उठतो. दोन मिनिटांत ठशाच्या बरोबर खाली बोटभर रुंदीचा गडद पट्टा दिसायला लागला.

मी मारेकला बोलावलं. तो गुडघ्यांवर बसला, बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, “आर्गॉन वेल्डिंग. करणारा माझ्यापेक्षा चांगला होता.”

“१९०९ साली होतं हे वेल्डिंग?”

“तेव्हा माझे आजोबासुद्धा नव्हते. तीसेक वर्षांनी आलं हे.”

आधी वेल्डिंग, ते घासून सपाट केलेलं, आणि त्यावर ठसा. म्हणजे ठसा शर्यतीनंतर किमान तीस वर्षांनी मारलेला. कोणी मारला ते मला आजही माहीत नाही. फिनबारने मारला असंही मी म्हणत नाही. त्यालाही कोणी बनवलं असेल.

मी डेक्लनला दाखवलं. त्याने चिंधीने बोटं पुसली, पुन्हा पुसली. शेडमध्ये त्या महिन्यात दुसरी एकही नवी गाडी आली नव्हती. हौशी लोकांची हौस मंदीत सगळ्यात आधी मरते. हे काम पुरं झालं तर संग्रहालयाकडून आणखी चार गाड्या येणार होत्या. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फिनबार आला. गोरापान, जाड मानेचा, पायात टोकदार बूट. मी त्याला पट्टा दाखवला आणि समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एक प्रश्न विचारला.

“हे आणखी कोणाला माहीतंय?”

मग तो माझ्याशी बोललाच नाही. डेक्लनला म्हणाला, “तुझ्या बाईंना सांग, मी वेल्डिंगचा अहवाल मागितलेला नाही. ठशांचा मागितलाय.” आणि जाताना शिट्टी वाजवत गेला.

डेक्लनने स्वतः चहा करून आणला. तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “सू, ठसे आहेत की नाहीत?”

“आहेत.”

“नियमात सांगितलेल्या जागेवर आहेत?”

“आहेत.”

“मग तेवढंच लिही. एक शब्द खोटा लिहू नकोस.”

मी लिहिलं. ‘मुख्य भागांवरील ठसे नियमात नमूद केलेल्या जागी आढळले.’ त्याखाली माझं नाव, तपासणीतला अनुभव अठरा वर्षं, आणि सही. त्या वाक्यात खरोखरच एक शब्द खोटा नव्हता. असं वाक्य लिहायला अक्कल लागते आणि ती अक्कल माझ्याकडे होती, याचा मला आजही संताप येतो. मारेकने त्या जागेवर पुन्हा रंग दिला. घरी मिलिंदला सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, “टेक्निकली बरोबर आहे ना? झालं तर.” त्याच्याही कंपनीत तेव्हा दर शुक्रवारी कोणाला ना कोणाला बोलावून घरी पाठवत होते.

जूनमध्ये संग्रहालयाच्या वतीने एक बाई गाडी पाहायला आल्या. रूथ. ऐंशीच्या जवळ, काठी घेऊन चालणाऱ्या, पांढरे केस मुलासारखे कापलेले. त्यांचे आजोबा त्या शर्यतीत या गाडीवर मेकॅनिक होते. तेव्हा चालवणाऱ्याच्या शेजारी मेकॅनिक बसायचा, गाडी बंद पडली की उतरून चिखलात झोपायचा, आणि फोटोत अर्धाच यायचा. फिनबार त्या दिवशी टाय लावून आला होता. त्याने रूथबाईंचा हात धरून त्यांना गाडीभोवती फिरवलं, चासीवरचा ठसा दाखवला, मग इंजिनाचा.

“पाहा. तुमच्या आजोबांनी ज्याला हात लावला, तेच इंजिन.”

रूथबाईंनी ठशावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी आमची सगळ्यांची अपेक्षा होती. आलं नाही. त्या गोंधळलेल्या दिसल्या. फिनबारने शॅम्पेन उघडली.

त्यांचं हॉटेल स्वोर्ड्सला होतं, विमानतळाजवळ. डेक्लनने मला त्यांना सोडायला सांगितलं. चार वाजले असतील. शहराबाहेरून जाणाऱ्या एम-फिफ्टी हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या आणि आम्ही इंच इंच सरकत होतो. रूथबाईंनी मला विचारलं, “अहवालावर तुमचं नाव आहे ना?”

“हो.”

“मग तुम्हाला सांगते. माझे आजोबा नव्वदीपर्यंत जगले. शेवटच्या दहा वर्षांत ते एकच गोष्ट सांगायचे. एका गावात आगगाडीने आलेलं दुसरं इंजिन उतरवून घेतलं, एका गोठ्यात बसवलं, आणि लोहाराकडून ठोकायचा लोखंडी पंच आणून त्यांनी स्वतः त्याच्यावर ठसा मारला. इतकं करून पुढे गाडी बंदच पडली. घरी पाहुणे आले की ते हे सांगायला लागायचे. माझी आई म्हणायची, बाबा, पुरे. त्यांचं डोकं गेलंय, असं आम्ही लोकांना सांगायचो. मीही सांगायचे. आई जाईपर्यंत हेच म्हणत होती. आणि आज तुम्ही तपासलेला मूळ ठसा पाहिला, इंजिन बदललेलंच नव्हतं. म्हणजे आम्हीच बरोबर होतो. त्यांचं डोकं गेलेलंच होतं.”

पुढे ट्रक थांबला होता. मी त्याच्या मागच्या दिव्यांकडे पाहत राहिले. पिंपरीत आमचे साहेब म्हणायचे, तपासनिसाने माणसाकडे बघू नये, नगाकडे बघावं. मी अठरा वर्षं ते पाळलं होतं. शेजारी ऐंशी वर्षांची बाई माझ्या सहीच्या जोरावर आपल्या आजोबांना वेडं ठरवत बसली होती.

हॉटेलच्या पार्किंगमध्ये मी इंजिन बंद केलं आणि त्यांना सांगितलं. ठशाच्या खाली वेल्डिंग आहे, ते अमुक काळाच्या आधीचं असू शकत नाही, मी ते पाहिलं होतं आणि लिहिलं नाही.

त्यांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. “म्हणजे आजोबा खरं बोलत होते?”

हो म्हणायला किती सोपं होतं. त्यांना तेच हवं होतं, मलाही तेच हवं होतं. मी म्हटलं, “ते मला सांगता येणार नाही. हा ठसा त्यांनी मारलेला नाही आणि शर्यतीच्या आधीही कोणी मारलेला नाही, एवढंच मला माहीत आहे. त्यांनी इंजिन बदललं की नाही, हे या धातूवरून कळत नाही.”

रूथबाई म्हणाल्या, “आमच्या घरात ‘माहीत नाही’ असं कोणी एकदाही म्हणालं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.” मग त्यांनी पर्समधून हॉटेलचा कागद काढला. “हे लिहून द्याल?”

मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं आणि सही केली. एकाच गाडीबद्दल माझी दुसरी सही.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. संग्रहालयाने नकार कळवला. फिनबार शेडमध्ये येऊन डेक्लनला वाट्टेल ते बोलला, मला एक शब्दही नाही. त्याच्या दृष्टीने मी तिथे नव्हतेच. गाडी तो ट्रेलरवर घालून घेऊन गेला आणि ऐकलं ते असं की पुढे एका इंग्रजाने ती त्याच ठशासह, त्याच कौतुकाने विकत घेतली. चार गाड्या आल्या नाहीत. वर्ष संपायच्या आत डेक्लनने शेडला कुलूप लावलं. मारेक पोलंडला परत गेला. जाताना त्याने मला त्याचा वेल्डिंगचा चष्मा दिला. का दिला, ते सांगितलं नाही. आमच्या ओळखीच्यांत ही गोष्ट पसरली तेव्हा सगळे म्हणाले, तुम्ही बरोबर केलंत, बाणेदारपणा दाखवलात. हे म्हणणाऱ्यांपैकी एकाचीही नोकरी त्या शेडमध्ये नव्हती. मुलगी तेवढी खरं बोलली. तेरा वर्षांची होती, मराठी कळायचं पण उत्तर तिकडच्या इंग्रजीत. ती म्हणाली, “पण मग आई, तू आधी सही का केलीस?” मिलिंदने तिला अभ्यासाला बसवलं.

डेक्लन मला त्यानंतर एकदाच भेटला, २०१३ साली, क्लोनडॉकिनच्या सुपरमार्केटबाहेर. दरवाजे पोचवणाऱ्या एका कंपनीची व्हॅन चालवत होता. आणखी वाकला होता. हवापाण्याचं बोलून झालं, मुलीची चौकशी झाली. मीच मग म्हटलं की गॅरेजचं मला वाईट वाटतं.

तो म्हणाला, “पहिल्याच दिवशी नाही म्हणाली असतीस, तर मी चिडलो असतो, पण समजलो असतो. सही करून गप्प बसली असतीस, तरी समजलो असतो. तू दोन्ही केलंस, सू. त्यात आम्हा सगळ्यांचं गेलं, आणि चांगली तेवढी तू ठरलीस.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, कारण अहवालातलं ते वाक्य मला शिकवलं कोणी होतं? पण सही माझी होती. त्याने माझ्या पिशव्या उचलून गाडीत ठेवल्या आणि तो व्हॅनकडे गेला.

त्याला एक गोष्ट मी सांगितली नाही, ती इथे सांगते. गॅरेज बंद झाल्यावर काही महिन्यांनी मला वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनिसाची नोकरी मिळाली. तिथूनच मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात माझ्या काटेकोरपणावर तीन भाषणं झाली. मुलाखतीच्या दिवशी टेबलापलीकडे दोन माणसं होती. त्यांतल्या बाईंनी कागदावरून नजर उचलून विचारलं होतं, “स्वतःला पटलं नसताना तुम्ही कधी एखाद्या तपासणीवर सही केली आहे का?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं.